कव्हर चुकलं तेव्हाचा चेहरा

कॅरमच्या डबल्समध्ये जोडीदार समोरासमोर बसतात आणि बोर्ड, म्हणजे एक डाव, संपेपर्यंत एकमेकांशी एक शब्द बोलत नाहीत. खुणाही करायच्या नसतात. पंच आधी ताकीद देतो, मग दंड. दोघांमध्ये उरतो तो फक्त चेहरा. चेहऱ्याबद्दल आमच्या स्पर्धेच्या नियमावलीत काहीही लिहिलेलं नाही.

ही स्पर्धा मुकुंदवाडीच्या एका वाचनालयात दर उन्हाळ्यात होते. एकच खोली, वर पत्रे, मागे रेल्वेची लाईन. गाडी गेली की पत्रे वाजतात आणि टेबल किंचित हादरतं. म्हणून इथं एक जादा नियम आहे. भोंगा ऐकू आला की पंच हात वर करतो, आणि गाडी जाईपर्यंत स्ट्रायकरला कुणी हात लावायचा नाही. पंच म्हणजे तिथले ग्रंथपाल. त्यांच्या खुर्चीमागं सागवानी फलक आहे. त्यावर दर वर्षीच्या विजेत्या जोडीची नावं पांढऱ्या ऑइल पेंटनं रंगवतात. उपविजेत्यांची नावं कुठंच नसतात.

माझे जोडीदार घड्याळं दुरुस्त करायचे. सगळी वस्ती त्यांना उस्ताद म्हणते. चाळीस वर्षं डाव्या डोळ्यात भिंग अडकवून काम केलं. ते भिंग हातानं धरत नाहीत, भुवई आणि गाल यांच्या चिमटीत धरतात. त्यामुळे त्यांच्या चेहऱ्याची डावी बाजू पैलवानाच्या दंडासारखी झाली आहे. इतरांच्या चेहऱ्यावर जी नाराजी रेघेएवढी उमटते, ती उस्तादांच्या चेहऱ्यावर हातभर दिसते. भुवई खाली येते, गाल वर जातो, डोळा मिटतो, हनुवटी डावीकडे सरकते. दाढ दुखणाऱ्या माणसासारखं सगळं तोंड एका बाजूला गोळा होतं.

त्या तोंडापायी त्यांची जुनी जोडी फुटली होती.

जुने जोडीदार एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. मूळचे गंगापूरकडचे. त्यांना सगळे मास्तर म्हणतात. दोघं वीसेक वर्षं एकत्र खेळले, चारदा फायनलला गेले, चारही वेळा हरले. चौथ्या वेळी, आमच्या जोडीच्या तीन वर्षं आधी, मास्तरांनी राणी घेतली. राणी घेतली की लगेच पुढच्या फटक्याला आपली एक सोंगटी घालावी लागते. तिला कव्हर म्हणतात. ते चुकलं तर राणी परत मध्यावर. मास्तरांची सोंगटी भोकाच्या तोंडाशी होती. लहान मुलानंही घातली असती. त्यांनी अंमळ जोर लावला, सोंगटी भोकाच्या कडेवर आपटून परत आली आणि फायनल गेली. मास्तरांनी मान वर केली तेव्हा समोर उस्तादांचं तोंड वाकडं झालेलं होतं.

उस्ताद एक शब्द बोलले नव्हते. मास्तर मात्र उठले, चप्पल घातली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "चारचौघांत थोबाड वाकडं करतो माझ्यावर. बास झालं."

नंतर उस्ताद त्यांच्या घरी गेले. एकदा नाही, अनेकदा. माझं तोंडच तसं आहे, हे पुन्हा पुन्हा सांगितलं. मास्तरांचं उत्तर दर वेळी एकच असे. उभी हयात एसटीत गेली, भरल्या गाडीत विनातिकीट बसलेला माणूस नुसत्या तोंडावरून ओळखला; कुणाच्या तोंडात काय आहे ते मला शिकवू नका. ते खरंही होतं. त्यांच्या या हातखंड्यावर मीच एकदा आमच्या पेपरात चौकट लिहिली होती. ज्या माणसाचा अंदाज कधी चुकला नाही, त्याला हा एक चुकला असेल असं पटवून देणं कुणाला जमलं नाही.

त्यानंतर मास्तर आपल्या सुनेबरोबर खेळू लागले. ती वाळूजच्या कारखान्यात माल तपासायच्या विभागात आहे. तिचा हात सरळ आणि थंड. उस्तादांनी दोन वर्षं कुणाबरोबरच नाव दिलं नाही.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत उस्ताद माझ्याकडे आले. मी त्यांच्या गल्लीत राहतो आणि एका दैनिकात काम करतो. कॅरम बरा खेळतो, त्याहून जास्त नाही. उस्तादांनी उजवा हात माझ्यासमोर धरला. बोटांची टोकं थरथरत होती. फार नाही, पण एकसारखी.

"बायकांची घड्याळं बंद केली मी," ते म्हणाले. "आता फक्त सेल बदलतो, पट्टे बदलतो. कॅरमपुरता हात एखाद वर्ष टिकेल. यंदा फलकावर नाव लागलं तर लागलं. नाहीतर कायमचं राहिलं."

मी विचारलं, मीच का. माझ्यापेक्षा चांगले खेळणारे गल्लीत चार जण होते.

"तुमच्या तोंडावर काही दिसत नाही म्हणून," ते म्हणाले.

हेही खरं होतं. मी या धंद्यात आलो तेव्हाच्या मुख्य वार्ताहरांनी मला पहिल्या आठवड्यात एक गोष्ट शिकवली होती. बातमी कागदावर दिसावी, तोंडावर नाही. समोरचा माणूस बोलता बोलता तुमच्याकडे बघत असतो. तुमच्या भुवया उडाल्या की तो तिथंच थांबतो. जिल्हा परिषदेच्या बैठकांत, रुग्णालयाच्या व्हरांड्यात, पत्रकार परिषदांत मी ते पाळलं. घरी त्याचा उपयोग नाही. भाजी कशी झाली हे माझ्या तोंडावरून कळत नाही, ही बायकोची जुनी तक्रार आहे.

सराव उस्तादांच्या दुकानात होई. दुपारी दोन ते चार. उन्हामुळे रस्त्यावर माणूस नसे. पहिल्या दिवशीच अडचण लक्षात आली. मी नेम धरून उस्तादांकडे बघे आणि त्यांना माझा शॉट पसंत नसेल तर लगेच कळे. उलट त्यांना माझ्याकडून काहीच कळत नसे.

"कोऱ्या कागदासमोर बसल्यासारखं वाटतं," ते म्हणाले. "थोडं तरी छापा की."

मी आरशासमोर भुवया उडवून पाहिल्या. बायकोनं विचारलं, डोळ्यात काही गेलंय का. मी तो प्रयत्न सोडून दिला.

आम्ही फायनलला पोचलो. समोर मास्तर आणि त्यांची सून. रविवार, सकाळचे अकरा. खोलीत पन्नासेक माणसं, खिडकीच्या गजांना धरून आणखी वीस. बोर्डावर पावडर, वर एक दिवा, पंखा बंद. माझ्या उजव्या हाताला मास्तर, डावीकडे त्यांची सून, समोर उस्ताद. पहिल्या फटक्यापूर्वी मास्तरांनी माझ्याशी हात मिळवला. उस्तादांनी पुढे केलेला हात त्यांना दिसला नाही, किंवा दिसूनही तसाच राहिला.

पहिला गेम आम्ही सपशेल हरलो. का हरलो ते मला चौथ्या बोर्डाला समजलं. मी नेम धरला की मास्तर माझ्याकडे बघतच नव्हते. ते उस्तादांच्या भुवईकडे बघत होते. भुवई खाली आली, म्हणजे मी चुकीच्या सोंगटीमागं लागलोय. मग उस्तादांची नजर ज्या सोंगटीवर जाई ती बरोबरची. पुढच्याच फटक्याला मास्तर ती अडवून टाकत. आमच्या दोघांतला प्रत्येक मतभेद त्यांना मोठ्या अक्षरात वाचायला मिळत होता, आणि ते अक्षर त्यांच्याइतकं कुणाच्या ओळखीचं नव्हतं.

मधल्या सुट्टीत मी उस्तादांना बाजूला घेतलं. तुमचं तोंड बातमी फोडतंय, म्हणालो. त्यांनी खांद्यावरची दस्ती काढली, झटकली आणि उन्हात स्कूटरवर निघाल्यासारखी नाकापासून मानेपर्यंत घट्ट बांधली. टोपी भुवयांवर ओढली. मधे फक्त दोन डोळे राहिले.

गजापाशी कुणीतरी म्हणालं, "उस्ताद, गाडी कुठं लावली?" खोली हसली. मास्तर हसले नाहीत.

दुसरा गेम आम्ही जिंकला. मास्तरांचा हात तोच होता, नेम तोच होता, पण प्रत्येक फटक्याआधी ते उस्तादांकडे बघत आणि तिथं कापड असे. एकदा त्यांनी माझ्याकडेही बघितलं. तिथं त्याहून कमी होतं. मला मात्र त्या कापडातून थोडं कळायला लागलं होतं. उस्तादांना शॉट पटला नाही की ते श्वास रोखत आणि ओठांवरची दस्ती आत ओढली जाई. रुपयाच्या नाण्याएवढा खळगा पडे. मी त्यावरून दोनदा नेम बदलला. ही खूण धरायची की नाही, हा प्रश्न माझ्या मनात आला होता. श्वास घेणं ही खूण नाही, असं मी ठरवून टाकलं.

तिसरा गेम आठव्या बोर्डापर्यंत गेला. आठव्यानंतर बोर्ड नसतो. गुण सारखे. हा बोर्ड ज्याचा, फलक त्याचा. माझे तळहात ओले झाले होते आणि ते मी पावडरमध्ये लपवले.

स्ट्रायकर उचलण्याआधी मास्तरांनी हात वर केला.

"पंच, यांना दस्ती सोडायला सांगा. आत काय पुटपुटतेत कुणाला काय माहीत?"

उस्तादांचे डोळे मोठे झाले. ग्रंथपालांनी चष्मा काढला, पुसला, नियमावलीची दोन पानं उलटली. त्यात तोंडाबद्दल काही नव्हतं. पण बोलण्याबद्दल होतं, आणि झाकलेलं तोंड बोलतंय की नाही हे पंचाला दिसायला हवं, असा निर्णय त्यांनी दिला. तो योग्यच होता. उस्तादांनी गाठ सोडली. दस्ती ओली चिंब होती. ती त्यांनी मांडीवर ठेवली आणि ते उघड्या तोंडानं बसले. मास्तर समाधानानं मागं टेकले. त्यांना हवं ते आता उघडं होतं.

मधले फटके मी सांगत नाही. शेवटी अशी वेळ आली: त्यांची एक पांढरी उरली, आमच्या तीन काळ्या आणि राणी. पाळी माझी. मी एक काळी घातली. उरल्या दोन. आता एक तर दुसरी काळी सावकाश जागेवर लावायची, नाहीतर सरळ राणीवर जायचं. राणी लांब होती, पण वाट मोकळी होती. मी स्ट्रायकर राणीच्या रेषेत ठेवला आणि वर बघितलं. उस्तादांची भुवई खाली आली. गाल वर गेला. नको.

मला ते स्पष्ट दिसलं होतं. तरी मी राणी मारली.

राणी भोकापर्यंत गेली नाही. ती मास्तरांच्या उजव्या भोकाच्या तोंडाशी जाऊन थांबली, ताटात वाढल्यासारखी. खोलीतून एक आवाज आला, सगळ्यांनी एकदम श्वास घेतल्याचा. माझ्या चुकीवर उस्तादांनी डोळे मिटले.

मास्तरांनी राणी अलगद घातली. आता कव्हर. त्यांची एकुलती एक पांढरी दुसऱ्या भोकापासून चार बोटांवर, सरळ रेषेत. ती गेली की सामना संपला. तीन वर्षांपूर्वीचाच शॉट होता. त्या खोलीत ज्यांना आठवत होतं ते सगळे पुढे झुकले. मास्तरांना आठवत होतं हे कळत होतं; त्यांनी स्ट्रायकर दोनदा रेषेवर ठेवून दोनदा उचलला. सून त्यांच्याकडे बघत नव्हती. ती बोर्डाच्या कोपऱ्याकडे बघत होती.

त्यांनी मारलं. पांढरी भोकाच्या कडेवर आपटली, थरथरली आणि परत आली.

गजापाशी कुणीतरी ओरडलं. आमच्या बाजूच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही वाचलो होतो. माझ्यासकट आमच्या बाजूचा प्रत्येक माणूस त्या क्षणी सुटला होता. मी उस्तादांकडे बघितलं, मास्तरांनीही बघितलं, वीस वर्षांच्या सवयीनं.

उस्तादांचं तोंड वाकडं झालं होतं. भुवई खाली, गाल वर, डावा डोळा गच्च मिटलेला, हनुवटी सरकलेली. दाढ उपटल्यासारखं. ज्या चुकीनं त्यांची फलकावरच्या नावाची आशा शाबूत राहिली होती, त्याच चुकीचं दुखणं त्यांच्या तोंडावर होतं. चांगला शॉट वाया गेला होता. कुणाचा, हे त्या तोंडाला ठाऊक नव्हतं.

मास्तर बघत राहिले. पंचांनी राणी मध्यावर ठेवली, पाळी पुकारली, तरी ते बघत होते. भरल्या गाडीतल्या माणसाचं तिकीट खरं निघाल्यावर कंडक्टर जसा एकदा तिकिटाकडे आणि एकदा माणसाकडे बघतो, तसे.

पाळी उस्तादांची. हात स्ट्रायकरवर आला तेव्हा बोटं थरथरत होती आणि ते आता सगळ्यांना दिसत होतं. पहिली काळी जवळ होती. गेली. मध्यावरची राणी त्यांनी पातळ कापली. ती डाव्या भोकाकडे इतकी हळू निघाली की वाटेत थांबणार असं वाटलं. भोकाच्या कडेवर ती थांबलीच. मग आत पडली. खोली उभी राहिली. पंचांनी सगळ्यांना खाली बसवलं. कव्हर राहिलं होतं.

उरलेली काळी माझ्या बाजूच्या पट्टीजवळ होती. दोन वाटा होत्या. एक, हलकी कट मारून सरळ भोकात. दुसरी, जोरात पट्टीवर मारून रिबाउंडनं उस्तादांच्या बाजूच्या भोकात. उस्तादांनी स्ट्रायकर रेषेवर ठेवला आणि त्याच वेळी भोंगा वाजला.

पंचांचा हात वर गेला. उस्तादांनी बोटं उचलली.

पॅसेंजर होती, सावकाश जाणारी. पत्रे वाजू लागले. पाऊण मिनिट असेल, कदाचित एक. उस्ताद आधी आपल्या हाताकडे बघत होते. मग त्यांची नजर समोरच्या पट्टीवर गेली आणि तिथंच राहिली. मला कळलं. ते रिबाउंड मारणार होते. थरथरत्या हातानं, शेवटच्या सोंगटीला, जेव्हा सरळ कट समोर पडली होती. हा वेडेपणा होता. मला ओरडावंसं वाटत होतं. बोलता येत नव्हतं, हलता येत नव्हतं. मी फक्त बसलो होतो आणि गाडीचे डबे संपत नव्हते.

तेवढ्यात उस्तादांनी माझ्याकडे बघितलं. आणि बघतच राहिले. त्यांच्या ओठाची कड किंचित हलली.

गाडी गेली. पत्रे थांबले. पंचांचा हात खाली आला. उस्तादांनी स्ट्रायकर तसूभर सरकवला आणि सगळ्या ताकदीनं मारला. काळी पट्टीवर गेली, परत फिरली, पूर्ण बोर्ड ओलांडून त्यांच्या उजव्या हाताच्या भोकात बंदुकीच्या आवाजात पडली.

त्यानंतर काय झालं ते मला सलग आठवत नाही. वार्ताहराला हे शोभत नाही, पण तसं आहे. मला कुणीतरी उचललं होतं. माझ्या शर्टावर पावडरचे पाच बोटांचे ठसे होते, ते कुणाचे हे अजून कळलेलं नाही. थोडं शांत झाल्यावर मी उस्तादांना विचारलं, कट का नाही मारली.

"हळू मारायला हात स्थिर लागतो," ते म्हणाले. "जोरात मारलं की थरथर कळत नाही. राणीला कट मारली तेव्हाच जीव वर आला होता." मग म्हणाले, "आणि तुम्ही पण अजब माणूस. महिने झाले, तोंडावर एक अक्षर नाही. आज गाडी जाईस्तोवर सगळं पान छापलं. नको, नको, नको. मी पूर्ण वाचलं."

"तरी मारलं?"

"तुम्ही माझं वाचून राणी मारलीच होती की."

चहा आला. मास्तर कप घेऊन उस्तादांसमोर येऊन बसले, जोडीदार बसतात तिथं, मधे बोर्ड ठेवून. सून त्यांच्या मागं उभी होती. त्यांनी बशीत चहा ओतला.

"त्या टायमाला बी हेच होतं का?" त्यांनी विचारलं.

"कधी?"

"माझं कव्हर चुकलं तवा."

"हेच होतं," उस्ताद म्हणाले. "दुसरं तोंड कुठून आणू मास्तर?"

"मग सांगायचं की."

"सांगितलं होतं. तुमच्या ओट्यावर बसून सांगितलं. तुम्ही म्हणालात, उभी हयात तोंडं वाचली."

मास्तरांनी बशी खाली ठेवली. "वाचली व्हती," ते म्हणाले. "तिकिटं काढलेल्यांची कोन वाचतंय."

सून म्हणाली, "बाबा, चहा गार होतोय." मग उस्तादांकडे वळून, "चाचा, तुम्हीपण घ्या."

पंधरा दिवसांनी पेंटर आला. फलकावर दोन नावं लागली. उस्ताद स्टुलावर चढून अक्षरं बघत होते. खाली स्टूल धरून मास्तर उभे होते आणि एक वेलांटी तिरकी आल्याबद्दल पेंटरला बोलत होते.

यंदाच्या उन्हाळ्यात उस्तादांनी नाव दिलं नाही. हात राहिला नाही. ते बघायला मात्र रोज येतात. पहिल्या दिवशी ते मास्तरांच्या समोरच्या बाकावर बसले. दुसऱ्याच बोर्डाला विरुद्ध जोडीनं तक्रार केली, मास्तर नेम धरून यांच्या तोंडाकडे बघतात. ग्रंथपालांनी नियमावलीत पेननं एक ओळ वाढवली. आता उस्तादांनी मास्तरांच्या पाठीमागंच बसायचं.

ते तिथंच बसतात. मास्तर प्रत्येक फटक्यानंतर मान वळवून मागं बघतात. मान वळवण्याबद्दल नियमावलीत अजून काही नाही.